सोयऱ्याच्या गाडीखाली वाकू नये

कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो. शेतकऱ्याची बैलबंडी समोर उभी राहिली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला कापूस वर काढायचा, बोटांनी धागा ओढून लांबी पाहायची, ओल पाहायची आणि प्रत ठरवायची. वर पांढराशुभ्र आणि खाली डागी, कवडी कापूस, असे पुष्कळदा निघे. मग भांडण. "साहेब, कचरा माह्या कापसात हाय का तुमच्या डोळ्यात?" असे एकाने मला भर केंद्रावर विचारले होते. पण बंडीत हात घालू नका, असे मला कोणी कधी म्हटले नाही. सख्ख्या मामाची बंडी आली तेव्हाही मी हात घातला आणि मामांनी तो घालू दिला. माल घ्यायचा तर पाहून घ्यायचा, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळते.

मग मोटारीने असे काय पुण्य केले होते? तिला हात का लावू नये? हे मला आज इतक्या वर्षांनंतरही समजलेले नाही आणि त्याचा संतापही गेलेला नाही.

सत्तरचे दशक संपत आले होते. मोठा भाऊ कारंज्याला शेती पाहत होता, मी वर्ध्याला नोकरीवर. संत्र्याचा बहार लागोपाठ चांगला गेला आणि भावाच्या मनात मोटारीने घर केले. नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेरची होती आणि तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे बसावे लागे. तेव्हा जुनी अँबेसेडर घ्यायची, दोघांनी निम्मे निम्मे घालायचे आणि पाहणी मी करायची, असे ठरले. पाहणी मी करायची हे भावाचेच शब्द.

मी ते काम मनावर घेतले. रविवारी कारंज्याला गेलो की हायवेवर ढाब्यांच्या बाजूला जी गॅरेजे होती तिथे जाऊन बसायचो आणि विचारायचो. विकाऊ गाडी दिसली की घ्यायची नसली तरी पाहायचो. हळूहळू नजर बसली. गाडी पाहायची ती सकाळी, इंजिन थंड असताना, म्हणजे सुरू व्हायला किती कुरकुरते ते कळते. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढायचे. तिथून धूर फकफक येत असेल तर पिस्टन गेले. मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, ब्रेकच्या पायटीवरचे रबर पाहायचे. मीटर मागे फिरवता येते, झिजलेले रबर भरून येत नाही. पत्र्यावर बोटाने टकटक करायचे. पत्रा खणखणतो, गंज बुजवायला भरलेली पुट्टी भद्द वाजते. आणि शेवटी गाडीखाली वाकायचे. खालून गाडी खोटे बोलत नाही.

अशा बऱ्याच गाड्या मी नापास केल्या होत्या. त्यात एक दिवस हिंगणघाटहून निरोप आला.

हिंगणघाटला आमची धाकटी बहीण दिली होती. तिच्या लग्नाला दोन वर्षे झाली होती. वडील नव्हते, म्हणून लग्न भावानेच केले. तिचे सासरे सरकीचे व्यापारी. सुपारी फुटली त्या दिवशी चारचौघांत त्यांनी मोठ्या आवाजात सांगितले होते, "आम्हाले मुलगी आन् नारळ. बाकी काही नाई." हे वाक्य भाऊ पुढे दोन वर्षे ज्याला त्याला ऐकवत फिरला. आता त्यांचाच निरोप होता: घरची गाडी विकायची आहे आणि तुम्ही बाहेरच्या पाहता?

भाऊ हरखला. मी म्हटले, "चाल, पाहून येऊ."

"पाहाले काय चाललो? आनाले चाललो," तो म्हणाला.

हिवाळ्याचे दिवस होते. आम्ही सकाळच्या बसने हिंगणघाटला पोचलो तेव्हा क्रीम रंगाची अँबेसेडर अंगणात धुऊन उभी होती. बॉनेटवर कुंकवाची बोटे ओढलेली. मी नमस्कार करता करता बॉनेटवर तळवा टेकवला. चटका बसला.

"मामाजी, सकाळीच कुठं गेलते का गाडी घेऊन?" मी विचारले. बहिणीच्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो.

"नाई जी. उनात उभी हाय ना."

तशा थंडीत सकाळच्या उन्हाने लोखंड असे तापत नाही, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही. आम्ही येण्याआधी कोणीतरी ती फिरवून आणली होती.  मी बहिणीच्या नवऱ्याला म्हटले, जरा सुरू करून दाखवा. त्यांनी केली. मी झाकण काढले. चुलीत ओले लाकूड घातल्यासारखा धूर तोंडावर आला. दाराच्या खालच्या पट्टीवर टकटक केले, भद्द. पुढचे टायर आतल्या कडेने कापल्यासारखे झिजलेले. मीटर एक्केचाळीस हजार दाखवत होते आणि ब्रेकच्या पायटीवर रबर असे उरलेच नव्हते, लोखंड चमकत होते. मग मी दाराच्या चौकटीचे रबर नखाने थोडे मागे ओढले. क्रीम रंगाच्या खाली काळा रंग होता. वर टपाजवळ ओढले, तिथे पिवळा.

टॅक्सी. कुठल्या तरी शहरात वर्षानुवर्षे भाड्याने धावलेली काळीपिवळी टॅक्सी, क्रीम रंग देऊन घरची गाडी झाली होती.

आता फक्त खालून पाहायचे राहिले होते. मी गुडघा टेकला आणि मागून सदरा ओढला गेला. भाऊ होता. दातओठ खाऊन पुटपुटला, "अबे ऊठ! सोयऱ्याच्या गाडीखाली वाकतेत का?"

मामाजींनी ऐकले असावे. ते हसले. "पाहू द्या, पाहू द्या. ग्रेडरसाहेब हायत ते. कवडी शोधून राह्यले." सगळे हसले. सर्वांत मोठ्याने भाऊ हसला.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता. बहीण डोक्यावर पदर घेऊन वाढत होती. आमच्याकडे तिने नजर वर करून पाहिले नाही, आणि तसे पाहायचे नसते हेही आम्हाला माहीत होते. जेवता जेवता भावाने किमतीचा विषय काढला, तोही असा की जणू आपणच काही मागतो आहोत.

"आपल्यात किंमत काय सांगाची?" मामाजी म्हणाले. "नागपूरचा एक मानूस अठरा हजार देऊन राह्यला. पण तुम्ही घरचे. तुम्ही सतरा द्या."

मी म्हटले, "मामाजी, एकदा मेकॅनिकला दाखवतो. मग बोलू."

ताटावरचे हात थांबले. मामाजी पाणी प्यायले आणि अगदी सावकाश म्हणाले, "दाखवा ना. पण मंग मी नागपूरवाल्यालेच देतो. तुमची पोरगी आनली तवा मी तिले कोन्या डाक्टरले दाखवली नव्हती."

बहीण तिथेच उभी होती, हातात रश्श्याचे भांडे. तिच्या देखत, तिच्या सख्ख्या भावांच्या देखत, तिची आणि त्या रंगवलेल्या टॅक्सीची त्या माणसाने एका वाक्यात बरोबरी केली. मी ताटावरून उठणार होतो. पण भाऊ माझ्याआधी बोलला.

"नाई नाई, मामाजी. लहान हाय तो. सतरा म्हंजे सतरा."

लहान! मी चाळिशीला टेकलेला, दोन मुलांचा बाप. मामाजींनी नारळ मागवला आणि भावाच्या हातात ठेवला. नारळ घेतला की सौदा पक्का. हा इथला कायदा आहे, आणि सरकारच्या कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जातो.

बसस्टँडवर आल्यावर मी भावाला हिशेब सांगितला. त्या वयाच्या चांगल्या, घरगुती वापरलेल्या गाडीला तेव्हा नागपुरात सोळा हजार येत. टायर आणि पुढच्या चाकांचे काम, दोन हजार. इंजिन बोअर करून नवे पिस्टन, अडीच. पत्रा आणि रंग, दीड. सहा गेले, राहिले दहा. टॅक्सी असल्याचे मी काहीच कापले नव्हते. कापले असते तर दहासुद्धा राहिले नसते.

"म्हणजे सात हजार वरचे," मी म्हटले. "हे सात हजार कशाचे, ते सांग."

भाऊ नारळ या हातातून त्या हातात करत होता. म्हणाला, "पोरगी तिथं नांदते. तुया हिशेबात ते नाई."

"तेच तर विचारतो. तिच्या नांदण्याचे सात हजार का?"

"हुंडा समज," तो एकदम ओरडला. बाकावरची माणसे वळून पाहू लागली तसा आवाज खाली आणून म्हणाला, "लग्नात वाचला ना? मंग आता देला समज. आन् चूप राय."

त्याला सारे माहीत होते. रंगाखालचा रंग त्याने माझ्याइतकाच पाहिला होता. मी समजत होतो की हा भोळा आहे, फसतो आहे. तो फसत नव्हता. मुलगी आणि नारळ म्हणणाऱ्या त्या उदार माणसाने दोन वर्षे थांबून, भाव वाढल्यावर सरकी विकावी तसा हुंडा वसूल केला होता, आणि वर मोटार दिली म्हणून उपकारही ठेवला होता. उघड मागितला असता तर निदान त्याला हुंडाखाऊ म्हणता आले असते. आता त्याला काय म्हणायचे? त्याने तर गाडी विकली होती.

मी भावाला स्पष्ट सांगितले की माझा निम्मा वाटा गाडीच्या किमतीत आहे, आणि गाडीची किंमत दहा हजार आहे. मी पाच दिले. बारा त्याने घातले. गावात माझी निंदा झाली. नोकरीवाला, पगारी माणूस, बहिणीसाठी हात आखडला. माझ्या बायकोलाही लोकांनी सोडले नाही. कोणी मला हे विचारले नाही की बहिणीच्या हाताला त्यातला एक रुपया तरी लागला का.

गाडी आली. भाऊ ती रस्त्याच्या उतारावर लावून ठेवी, कारण सपाटीवर सुरू होईना. पुढच्या पोळ्याच्या आत इंजिन खोलावे लागले. बोअर करून पिस्टन घालायला मी सांगितले होते त्याहून थोडे जास्तच लागले.  

आणि सात हजारांनी काय मिळवले तेही सांगतो. त्या साली राखीला बहिणीला पाठवले नाही. दिवाळीला पाठवले नाही. सोयरीक राखायची म्हणून किंमत दिली होती ना? सोयरीक तिकडच्या बाजूने तेवढीच राहिली जेवढी आधी होती.

ती आली ती पुढल्या वर्षीच्या भाऊबीजेला, कारंज्याला. मीही वर्ध्याहून गेलो होतो. ओवाळून झाल्यावर ती आमच्या दोघांसमोर बसली. वहिनी आत होत्या. गाडीचा विषय तिनेच काढला.

"तुम्ही दोघं गेले ना त्या दिवशी, तवा मामाजी घरात हसून हसून सांगून राह्यले होते. टॅक्सी खपवली म्हने. मी तिथंच पोया करत होती."

भाऊ खाली पाहत म्हणाला, "तुयासाठीच देले ना बाई. तुले तिथं सुख लागावं म्हनून."

"मायासाठी देले त माया हातात काऊन नाई देले?" तिचा आवाज चढला नव्हता. "बीए होऊन बसली मी. सात हजारात बीएड करून मास्तरीन झाली असती. मले कोनी विचारलं? तुम्ही मले वाचवाले त्याईले पैसे देले. आता सासूबाई म्हनतेत, तुया भावायजवळ लय पैसा दिसते, जावयाले स्कूटर मागून पाय."

मी हिशेब केला होता, तो बरोबर होता, आणि माझ्या कुठल्याही ओळीत ती नव्हती. पण मी निदान भांडलो तरी. भावाकडे तेवढेही नव्हते. तो उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तिला सासरी परत जायचे होते. मीही वर्ध्यापर्यंत तिच्याबरोबर असणार होतो. भावाने सकाळीच गाडी पुसली, उतारावरून लोटून सुरू केली आणि दाराशी आणली. आपली बहीण मोटारीतून सासरी उतरावी, ही त्याची हौस खरी होती, हे मी नाकारत नाही.

ती ओसरीवरूनच म्हणाली, "नाई भाऊ. त्या गाडीत बसून मी त्याईच्या दारात उतरनार नाई. बसनं जातो."

भावाने गाडी बंद केली. तिची पेटी खांद्यावर घेऊन तो आमच्याबरोबर हायवेपर्यंत चालत आला. ट्रक सारखे जात होते, बोलायला थांबावे लागे. बस दिसू लागली तेव्हा ती त्याला म्हणाली, "स्कूटरचं कोनी बोललं त हो म्हनू नको."

"नाई म्हनलं त तुले तरास देतीन ना बाई."

"सतरा हजार घेऊन काय कमी देतेत?" ती म्हणाली आणि पेटी घेण्यासाठी हात पुढे केला.