मिरचीचा हात

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, की आता कुणी विषय काढला तरी माझी जीभ आपोआप दुसरीकडे वळते. मी पावसावर बोलतो, नाहीतर यंदा मिरची कशी आली त्यावर. घरच्यांना वाटतं, म्हातारा विनयाने गप्प बसतो. चार लोकांत माझं नाव चांगलं आहे आणि त्यातला मोठा हिस्सा एका बाईने मला दिलेला आहे. तो माझा नाही. तेवढं लिहून ठेवतो.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मी मुकादम होतो. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. तिथे ओली लाल मिरची पसरून उन्हात वाळवतात आणि मग बायका ओळीने बसून देठ खुडतात. दसऱ्याच्या सुमाराला माल यायला लागतो आणि होळीपर्यंत ते रान लालच असतं. नव्या बाईला कामाला बसवताना मी एकच गोष्ट सांगायचो, "हात डोयाले लावानं नही." बाकीचं तिला शेजारीण शिकवायची. सुरुवातीला प्रत्येक बाई रडून रडून हैराण व्हायची. मग डोळे सरावायचे, तरी थोडं पाणी रोजचंच. माझ्या डोळ्यांना मात्र काही होत नसे. ओळीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, हा मुकादम बापाच्या मयतालाही रडला नाही, मिरचीने ह्याला आतून वाळवून टाकलाय. सगळी ओळ हसायची. मीही हसायचो. मनातून मला त्याचा थोडा अभिमानच होता.

ती बाई धडगावकडच्या डोंगरातली. नवरा लवकर गेला. एक मुलगी घेऊन ती खाली नंदुरबारला आली आणि दरवर्षी माझ्या ओळीत बसू लागली. आश्रमशाळेत दहावी झालेली, पुढे बारावी बाहेरून दिलेली. हे मला फार उशिरा कळलं, कारण पथारीवर कुणी कुणाचं शिक्षण विचारत नाही. मला तिचा उपयोग वेगळा होता. डोंगरातल्या बायका तिचं ऐकायच्या. त्या पावरी बोलायच्या, मला ती नीट येत नसे. कुणाचं लेकरू आजारी आहे, कोण रुसली आहे, कोण उद्या येणार नाही, हे सगळं ती मला अहिराणीत सांगायची आणि माझा निरोप त्यांना त्यांच्या बोलीत द्यायची. ती बसली की ओळ बसायची. ती उठली की ओळ उठेल, हे मला ठाऊक होतं.

अशात तिने एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. नाशिकची एक संस्था होती. विधवा, टाकलेल्या, हलाखीतल्या बायकांना ती नर्सिंगचं शिक्षण द्यायची. फी, राहणं, जेवण सगळं संस्थेचं. बाईला मूल असेल तर त्याचीही तिथल्याच शाळेत सोय. तिची मुलगी तेव्हा सातवीत होती. दोघींना एकदम बाहेर पडता आलं असतं.

दसऱ्याच्या आसपास संस्थेच्या दोन बायका पथारीवर चौकशीला आल्या. माल नुकताच यायला लागला होता आणि वारा आमच्या अंगावरून त्यांच्या अंगावर जात होता. एकीने पदर नाकाला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. ओळीतून एक म्हातारी पुटपुटली की पाहुण्यांना चहाऐवजी मिरचीच पाजली आज. मी त्यांना खाटेवर बसवलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून एक अर्धवट वाळलेली मिरची मोडून आतलं बी दाखवलं.

त्यांनी सरळच विचारलं. ही बाई टिकेल का? मधेच सोडून गेलेल्या मुलींमुळे त्यांचं नुकसान झालं होतं. एक जागा अशी वाया गेली की एका खऱ्या गरजू बाईची संधी जाते, असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं.

मी म्हणालो, "डोंगरातल्या बायांचा भरवसा नसतो, ताई. दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, होळीला घरी गेल्या की परत येत नाहीत. हिचंही तेच."

ह्यातलं एक अक्षरही तिच्याबाबत खरं नव्हतं. ऊसतोडीला जायला लागू नये म्हणून तर ती माझ्या ओळीत बसत होती. होळीला ती जायची आणि राख थंड व्हायच्या आत परतायची. हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण हंगाम तोंडावर होता, ती गेली तर ओळ मोडली असती आणि मालकासमोर मला उभं राहावं लागलं असतं. इतकंच कारण. ह्याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधून पाहिलं, सापडलं नाही.

बोलता बोलता मी समोर पाहिलं. ती ओळीत बसून आमच्याकडेच बघत होती. अंतर एवढं होतं की तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. तिच्याकडे बघवेना म्हणून मी तोंडावरून हात फिरवला. मिरची मोडलेला तोच हात. बायकांना इतकी वर्षं जे बजावत आलो, ते मीच विसरलो.

डोळ्यांत जाळ उठला. पाणी थांबेना. खांद्यावरच्या रुमालाने मी डोळे पुसत राहिलो आणि ते आणखीच भडकले. पदर लावलेल्या बाईंनी तांब्या पुढे केला. पाण्याने मिरची उतरत नाही हे माहीत असूनही मी त्यांच्या समाधानासाठी डोळ्यांवर पाणी मारलं. त्या गेल्या तरी मी रुमाल तोंडावर धरून बसलो होतो.

त्या वर्षीची शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

मला वाटलं, आता ही येऊन जाब विचारणार. काय बोलायचं ते मी ठरवूनही ठेवलं होतं, म्हणजे आणखी एक खोटं. ती दुपारच्या भाकरीच्या वेळी आली आणि खाटेच्या बाजूला जमिनीवर बसली.

"आबा, नही भेटनी ते नही. पुढला साल परत अर्ज भरसू," ती म्हणाली.

मी म्हणालो, भर.

"तुमना डोयामा पानी उनं ते मी दखं. आठे बाकीसना डोयाले रोज पानी येस. तुमना डोयाले मी कधीच नही दखं. ते मिरचीनं पानी नव्हतं, आबा."

पथारीबाहेरच्या माणसाने असा विचार केला नसता. मिरचीच्या रानात कुणाचे डोळे पाणावले तर तो सरळ मिरचीलाच दोष देईल. पण आमच्या ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं की मुकादमाला मिरची लागत नाही. तेव्हा मुकादम रडला तर तो मनातूनच रडला असणार. तिचा हिशेब आमच्या रानाच्या रीतीने अगदी बरोबर होता. चूक फक्त माझ्या हाताची होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, पुढच्या साली नक्की होईल.

दिवाळी झाली. तिचा भाऊ बायकोला घेऊन गुजरातेत ऊसतोडीला निघाला. त्यांचं लेकरू तान्हं होतं, सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून सातवीतली भाची सोबत गेली. होळीला परत आली तेव्हा शाळा बरीच पुढे गेली होती. धाकट्या मुलींबरोबर त्याच वर्गात पुन्हा बसायला ती तयार होईना. आईने समजावलं, रागावली, एकदा माझ्याकडेही घेऊन आली. शाळा चांगली असते, असं काहीतरी मी म्हटलं. ती मुलगी माझ्या पायांकडे बघत उभी राहिली.

पुढच्या वर्षी तिने खरंच पुन्हा अर्ज केला. मी वाट बघत होतो की त्या दोघी पुन्हा येतील, मला विचारतील आणि मी सगळं सरळ सांगेन. त्या आल्याच नाहीत. त्यांनी तिलाच बोलावून घेतलं आणि तिलाच विचारलं. जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे ती समोर बसलेली असताना मुकादमाला कशाला विचारायचं, हे त्यांना वर्षभरात उमगलं असावं. त्यांचे मी मनातल्या मनात किती वेळा आभार मानले आहेत. माझं खोटं त्यांनी एका वर्षापुरतंच चालू दिलं.

ती नाशिकला गेली. शाळाच सुटल्यामुळे मुलगी मामाकडे राहिली आणि पुढे ऊसतोडीतल्याच एका पोराशी तिचं लग्न झालं.

ओळ मोडली नाही, हेही सांगितलं पाहिजे. ती गेली त्या हंगामात डोंगरातल्या बायका नेहमीसारख्या आल्या, बसल्या, देठ खुडले. त्यांतली एक दुसरी माझ्याशी अहिराणीत बोलायला लागली. ज्यासाठी मी ते केलं, ते घडणारच नव्हतं.

शिकून ती परत आपल्याच भागात आली. आता डोंगरातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. बाळंतिणी तिच्याशी पावरीत बोलतात आणि ती डॉक्टरांना शुद्ध मराठीत सांगते. जे काम ती माझ्यासाठी करायची तेच, पण आता त्याने माणसं वाचतात. माझ्याशी अजून अहिराणीतच बोलते. नंदुरबारला आली की घरी येते. एकदा आली तेव्हा मी पायरीवर धापा टाकत बसलो होतो. मिरचीच्या धुळीने कधीतरी ते होणारच होतं, मी म्हातारपण समजून चाललो होतो. तिने पाठीला कान लावला, रिक्षा बोलावली आणि मला दवाखान्यात घेऊन गेली. तोंडात पंप कसा मारायचा, श्वास किती धरायचा, हे तिने मला शिकवलं. मी दोनदा चुकलो तेव्हा म्हणाली की मुकादमाला शिकवणं पोरांना शिकवण्यापेक्षा अवघड आहे. आज मी सरळ झोपू शकतो तो तिच्या शिक्षणामुळे. ज्या शिक्षणाच्या आड मी उभा राहिलो, त्याच्यामुळे.

यंदा त्या संस्थेने नंदुरबारला कार्यक्रम ठेवला. नव्या बायकांना शिष्यवृत्त्या द्यायच्या होत्या. काही पथारीवरच्या, एक खांडबाऱ्याची, नवऱ्याने टाकलेली, काखेत पोर घेऊन आलेली. आमच्या ह्या नर्सबाईला बोलायला सांगितलं होतं. मला तिने हट्टाने पहिल्या रांगेत बसवलं. संस्थेचे आभार मानून झाल्यावर ती म्हणाली की पहिल्यांदा नकार आला तेव्हा मी सोडूनच दिलं असतं, पण माझ्यासाठी एक कडक माणूस परक्या लोकांसमोर रडला होता. त्या डोळ्यांकडे बघून मी दुसऱ्यांदा अर्ज भरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वर बोलावून शाल दिली, हातात माइक दिला. समोर त्या सगळ्या बायका बसल्या होत्या, काखेतल्या पोराची आईही. मी म्हणालो, शिका बायांनो, कुणाचं ऐकू नका, मुकादमाचं तर मुळीच नाही. सगळे हसले. त्यांना ती गंमत वाटली.

कार्यक्रम संपल्यावर ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. तिच्यासोबत तिची नात होती. दिवाळीनंतर आईबाप उसाला जातात तेव्हा ही आजीकडे उपकेंद्रावर राहते आणि तिथल्या शाळेत जाते. ह्या मुलीची शाळा एकही दिवस चुकत नाही, असं ती अभिमानाने सांगत होती. मग म्हणाली, "एकच वाटस, आबा. पहिलाच साले भेटी जाती ते मन्ही आंडेर बी शिकी जाती."

लेकीच्या शिक्षणाचं हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. जुनी जखम घरच्या माणसाला दाखवावी तसं सांगितलं. माझा हात तिच्या हातात होता. रिक्षावाला वाट बघत होता. शब्द तयार होते, इतक्या वर्षांत ते घोटून घोटून गुळगुळीत झाले आहेत. मी तोंड उघडलं आणि मला खोकला आला. तिने माझ्याच खिशातून पंप काढून दिला, पाठीवरून हात फिरवला आणि सांभाळून जा म्हणाली.

ते शब्द इथे लिहितो. तिच्यासमोर मला ते कधी जमले नाहीत.

माय, ते पानी मिरचीनंच व्हतं. तुन्हा पोरनी शाळा मीच सोडाई. माले माफ कर.