दारामागचं बटण
ऑइलपेंटचा ताजा वास नाकात गेला आणि तो इंटरव्ह्यू आठवला. शीळफाट्याजवळचा गाळा, आमची नवी कंपनी, आम्ही दोघे पार्टनर. बाहेर ट्रकांची घरघर, आत मरणाचा उकाडा. नोकरीसाठी आलेल्या पहिल्याच मुलीने दारामागे हात घालून पंखा लावला आणि मग ती बसली. ते बटण आम्हालाही मुश्किलीने सापडलेलं. "तुला कसं माहीत?" मी विचारलं. "आधीची कंपनी इथेच होती ना, सर. तिथेपण मीच पहिली." पार्टनर हसला. ती आमच्या टेबलाकडे बघत म्हणाली, "त्यांचंपण टेबल तिथेच होतं." आम्ही तिला घेतलं. पुढे आमचंही शटर पडलं. आज त्याच गाळ्यात मी नोकरी मागायला आलोय. समोर नवा मालक घाम पुसत बटण शोधत होता. मी उठून दारामागे हात घातला. पंखा फिरायला लागला, तसा तो माझ्याकडे बघतच राहिला.