पल्लवीचा डाव

"बंद करायचं न्हाय. बंद न करता दुरुस्त करा, पावणं."

काउंटरवर गेम कन्सोल ठेवून काका पुन्हापुन्हा हेच बजावत होते. कन्सोल म्हणजे हातात धरून खेळायचं यंत्र. आतली बॅटरी फुगून त्याचा स्क्रीन वर उचलला गेला होता. राजारामपुरीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. फुगलेली बॅटरी दिसली की माझं डोकं फिरतं. ती कधी पेट घेईल, सांगता येत नाही.

"काका, बॅटरी काढली की हे बंद पडणारच. कधीपासून चार्जरवर आहे?"

"पल्लवी गेल्यापास्नं."

पल्लवी त्यांची मुलगी. शिरोळहून इथं कॉलेजला आलेली. डेंग्यू झाला. दवाखान्यात नेताना म्हणाली, "आबा, बंद करू नका. आल्यावर खेळते." ती आली नाही आणि आबांनी चार्जर काढला नाही. पोरीचा शब्द पाळला, त्यानंच बॅटरीचा घात झाला. हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

स्क्रीन चालू केला. जुन्या वळणाचा गेम, चौकटी-चौकटींची चित्रं, जादूगार, राक्षस. यात लढाई डावाडावानं चालते. एक डाव तुमचा, एक राक्षसाचा. तुम्ही बटण दाबेपर्यंत तो बापडा नुसता उभा. हा महिनोन्महिने उभा होता.

अडचण अशी की लढाई चालू असताना गेम सेव्ह होत नाही. लढाई जिंकायची, मग सेव्ह. नाहीतर त्या दिवशी ती जेवढं खेळली, तेवढं सगळं पुसलं जाणार. हे काकांना समजावून सांगितलं.

"मग तुमीच दाबा की."

"पोर तुमची आहे, काका. मी सांगतो, तुम्ही दाबा."

गेममधल्या वीरांना आपण नावं देऊ शकतो. हिनं घरच्यांचीच दिली होती. आबा तलवारवाले, आई जादूगार, पल्लवी वैद्य. डाव पल्लवीचा होता. तिनं औषध निवडलं होतं, फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"कुणाला देतीया ती?"

"तुम्हाला."

"आन् तिची सवताची तब्येत?"

"जीव थोडाच उरलाय. औषध तिलाच देऊया का? बदलता येतं."

काकांनी अंगठा बटणावर ठेवला.

"नगं. तिनं ठरवलंय तसंच हुदे."

त्यांनी बटण दाबलं. आबांचा जीव भरला. मग राक्षसाचा डाव आला आणि पल्लवी पडली. काकांच्या तोंडून "आई गं" निघून गेलं. पुढच्याच डावात आबांच्या तलवारीनं राक्षस संपला. जिंकल्याचं संगीत वाजलं. मला ते ऐकवेना, मी आवाज बंद केला.

"आता हिला उठवता येतंय काय?"

"येतं. गेममधल्या गावात देऊळ आहे. तिथं नेलं की उठते."

नेलं. घंटा वाजली. पल्लवी उभी राहिली.

"एवढं सोपं ठिवलंय व्हय," काका म्हणाले आणि काउंटरवर डोकं टेकून रडायला लागले. मीही रडलो. लाज कसली त्यात.

मग सेव्ह केलं, नवी बॅटरी घातली, चालू करून दाखवलं. देवळाच्या दारात पल्लवी उभी होती. काकांनी पोटभर बघून घेतलं आणि आपल्या हातानं कन्सोल बंद केला.

आमच्या धंद्यात डेटा वाचला की काम फत्ते म्हणतात. त्या दिवशी सगळा वाचला. आमच्या हातात तेवढंच असतं.