खजुराच्या बियांचं मतदान

घर सोडलं तेव्हा माझ्या बोटावर मतदानाची शाई होती. दापोलीच्या स्टँडवर अम्मी रडत होती आणि अब्बांचं आपलं नेहमीचंच, "मत कुणाला दिलं ते नवऱ्यालापण सांगायचं नाही!" शाई नखावर तशीच घेऊन मी दुबईजवळच्या अजमानला आले.

अमेरिकेतली निवडणूक माझ्या किचनपर्यंत येईल असं कधी वाटलं होतं का? आठवीत शाळा सुटलेली मी. पण माझा नवरा सलीम टगबोटीवर, मोठी जहाजं ओढायचं काम, आणि जो तो म्हणतोय, तिकडं कोण निवडून येतं त्यावर इथल्या समुद्रात लढाई होणार की नाही ते ठरणार. अम्मीचा रोज फोन, "पोरीला घेऊन घरी ये." भरली मी बॅग. झोयाचे कपडे, पासपोर्ट, मिठाचा डबासुद्धा! भीतीत काय कळतं?

निकालाच्या आदल्या दिवशी शेजारच्या उम्म करीमनं चहाला बोलावलं. मिसरची, म्हणजे इजिप्तची आहे, आमच्यासारखंच तोडकंमोडकं हिंदी बोलते. समोरची लाहोरची शाझियापण होती. उम्म करीमनं अमेरिकेतल्या दोन उमेदवारांचे दोन कप मांडले, एक त्याचा, एक त्या बाईचा. म्हणाली, "वोट त्यांचा, टेन्शन आपल्याला. यल्ला, चला, खजूर खा, जो हवा त्याच्या कपात बी टाका."

शाझियानं लगेच त्याच्या कपात टाकली. "लढाई नको बोलतो ना, बस."

"बोलतात सगळेच," उम्म करीम म्हणाली. "दोघं एकाच पिठाची रोटी. मी नुसता खजूर खाणार."

माझी पाळी आली तशी मी पाठ फिरवली, दोन्ही कप ओढणीआड घेतले. दोघी हसून हसून लोळल्या. "अगं, कुणापासून लपवतेस?"

पण मला कळेचना, कुठल्या कपातली बी सलीमला परत आणेल. रडूच फुटलं. हसणं थांबलं. शाझियाचा नवरापण बंदरावर, तिनं नुसता माझा हात धरला. उम्म करीमनं स्वतःच्या घराची जादा चावी माझ्या मुठीत कोंबली. "भीती वाटली की उघडून ये. बेल नको."

बी टाकली मी. कुठल्या कपात, ते नाही सांगणार.

निकाल लागला. झोयानं विचारलं, "मम्मा, हू वन?" मी सांगितलं. भीती गेली नाही, पण दुपारी सलीमचा फोन आला, बोट धक्क्याला लागली, संध्याकाळी येतोय. मी बॅग उपसायला बसले. तेवढ्यात अम्मी फोनवर, "घरी कधी येतेस?"

मी म्हटलं, "अम्मी, मीठ जागेवर ठेवतेय. घरीच आहे मी."