कांद्याच्या चाळीतला मुक्काम

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई माझ्या लहानपणापासून म्हणायची. पुढे मी लाल गाडीवर कंडक्टर झालो तेव्हा तिचं म्हणणं खरंच ठरलं. कळवणहून सुरतेला जाणारी गाडी माझ्याकडे होती. आज जायचं, उद्या परतायचं. सापुताऱ्याचा घाट उतरताना निम्मी गाडी खिडकीबाहेर डोकं काढून ओकत असायची आणि मी कशालाही न धरता मधल्या वाटेत उभा राहून तिकिटं फाडायचो. घरी आलो की झोप लागायची नाही, कारण खाट हलायची नाही. बायको म्हणायची, "अहो, बसा ना जरा." मी बसायचो, आणि लगेच उठून माठात पाणी आहे का ते उगाच बघून यायचो.

अशा माणसाला, सुरतेत प्लेग आला त्या साली, मळ्यातल्या कांदा साठवायच्या चाळीत मुक्काम करावा लागला. कुणी बाहेरून कडी लावली नव्हती. फक्त एक बांध होता आणि तो ओलांडायचा नाही असं ठरलं होतं. कडी असती तर निदान ती वाजवता तरी आली असती.

गणपती बोळवून झाले होते, पितरांचा पंधरवडा लागला होता. सुरतेच्या स्टँडवर त्या दिवशी गाडी उभी राहायच्या आतच खिडक्यांतून गाठोडी, ट्रंका आणि लेकरं आत यायला लागली. बहुतेक आपल्याच भागातली माणसं होती, लूमवर कामाला गेलेली. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. एरवी जागेवरून एकमेकांच्या सात पिढ्या काढणारे लोक मांडीला मांडी लावून गप्प बसले होते. घाट चढताना माझ्या सीटशेजारचा एक म्हातारा खोकला आणि अख्खी गाडी त्याच्याकडे वळली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "तंबाखू लागली हो, नुसती तंबाखू हाय!" सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. आणि पुढे वणी येईपर्यंत मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

डेपोत तिकिटं आणि पैसे जमा केले. चामड्याची पिशवी आणि तिकिटाला भोक पाडायचा पंच तेवढा माझ्याजवळ राहिला. गाडी बंद झाली होती. हातात कॅप्सूलची पाकिटं मिळाली आणि काही दिवस घरच्यांपासून लांब राहा असं सांगण्यात आलं. लांब म्हणजे किती, ते कुणी सांगितलं नाही. ते माझ्या आईनं ठरवलं.

आमचं घर मळ्यातच होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि शेती आई आणि बायको मिळून बघत. मी अंगणात पाय टाकणार तेवढ्यात आईनं हात आडवा केला. "तिथंच थांब."

तिच्या आईनं तिला जुन्या प्लेगच्या गोष्टी सांगितल्या होत्या. घरात उंदीर पडायला लागले की गाव उठायचं, लोक भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्या घालून राहायचे. मागे राहिला तो राहिलाच. "उंदीर आधी पडतो, मग माणूस," ती म्हणाली. "तू चाळीवर राहा. घरात लेकरू हाय."

लेकरू म्हणजे माझी पाच वर्षांची पोरगी. ती माझ्याकडे धावणार तर बायकोनं तिला पदराआड ओढून धरलं. तिनं माझ्याकडे बघत पोरीला मागं मागं नेलं. मला त्याचा राग आला. तिचं बरोबर होतं हे कळत होतं, म्हणून तर जास्तच आला.

चाळ घरापासून हाकेच्या अंतरावर होती. मधे भुईमुगाचं वावर, मग बांध, बांधावर कडुलिंबाचं झाड आणि झाडाखाली एक सपाट दगड. कुडाच्या भिंती, वर उसाचं पाचट, आत उन्हाळी कांदा. पुढच्या पडवीत माझी वाकळ. जेवायच्या वेळी बायको दगडावर भाकरी ठेवायची, पार वावराच्या मध्यापर्यंत मागे जायची, मग मी जाऊन उचलायचो. रिकामी ताटली ती सांडशीनं धरून न्यायची आणि अंगणात तिच्यावर उकळतं पाणी ओतायची. ते मला बांधावरून दिसायचं. दिसू नये म्हणून मी पाठ करून बसायचो आणि मग वळून बघायचोच.

बोलायचं तर ओरडूनच. संसारातलं बोलणं ओरडून करायचं म्हणजे अब्रूचे धिंडवडे. बायको विचारायची, "अहो, बनियन बदललं का?" आणि शेजारच्या मळ्यातला गडी मक्यातून उत्तर द्यायचा, "बदललं वहिनी, कुडावर वाळत घातलंय!"

मला काही सुचेना. सकाळी उठून बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो, परत यायचो, परत जायचो. पंचाला काम नव्हतं म्हणून रुईची पानं तोडून त्यांना भोकं पाडायचो. रस्त्यावरून गाडीचा आवाज आला की उठून उभा राहायचो, ट्रक निघायचा, बसायचो. काखेत आणि जांघेत गाठ आली का ते चाचपायचो. एकदा सापडली असं वाटून घाम फुटला. ते हाड होतं, आणि दुसऱ्या बाजूलाही तसंच होतं. कॅप्सूल घेतली की पोटात कालवायचं आणि हीच सुरुवात म्हणायचो. शेवटी चाळीतला कांदा निवडायला घेतला. सडका एकीकडे, कोंब आलेला एकीकडे, चांगला एकीकडे. कुणी सांगितलं नव्हतं. नाहीतर मी डोकं आपटून घेतलं असतं.

पोरगी एका दुपारी आली. भुईमुगातून रांगत, गुडघे मातीनं माखलेले, हातात भातुकलीतली जर्मनची ताटली. तिच्यात एक काळपट वाटोळा गोळा.

"पप्पा, लाडू."

मी अंगावर विंचू पडल्यासारखा मागे सरलो. "लांब हो! तुला कुणी सांगितलं यायला?"

तिनं काही मनावर घेतलं नाही. "आजी म्हणते, पितरांचा घास बाहेर ठेवायचा. त्यांनी खाल्ल्याशिवाय घरात कुणी खायचं नाय. तुझा पण घास बाहेर ठेवतात ना? मग आधी तू खा. मग मी."

मला हसावं की रडावं कळेना. पोरीनं मला जिवंतपणी पितरांत बसवलं होतं आणि तिचं काही चुकलंही नव्हतं. दगडावर वाढलेलं आणि मागे सरून वाट बघत उभी राहिलेली माणसं, तिनं दोन्हीकडे तेच बघितलं होतं.

"ठेव दगडावर आणि पळ."

ती बांधाखाली गेली, पण पळाली नाही. खाल्ल्याशिवाय जाणार नव्हती. मी गोळा उचलला, तिच्याकडे पाठ केली, गाल हलवले, मचमच आवाज केला आणि तो मातीसारखा लाडू हळूच चामड्याच्या पिशवीत सारला. "वा! गूळ अंमळ जास्त झालाय." ती खूश होऊन ताटली उचलून नाचत गेली. तिच्या हाकेला बायको बाहेर आली तेव्हा मी ओरडलो, पोरीला सांभाळता येत नाही का म्हणून. तिनं तिकडून एक धपाटा घातला, पोरीचं रडणं इथपर्यंत आलं, आणि माझी सगळी दुपार वाया गेली.

पुढे दोन-तीन दिवसांनी निवडता निवडता मी चाळीच्या उजव्या कोपऱ्यात तळापर्यंत पोचलो. एक कांदा मऊ लागला. कांदा नव्हता, उंदीर होता, पोट वर करून पडलेला. मी त्याला काडीनं बाजूला केलं तर खाली आणखी दोन.

मी बाहेर येऊन बांधावर उभा राहिलो. आईचे शब्द कानात वाजत होते, उंदीर आधी पडतो, मग माणूस. माणूस म्हणजे मी, त्याची तयारी मी मनातल्या मनात केली होती. पण पोरगी इथे येऊन गेली होती. मी हात लावलेल्या दगडावर तिनं हात ठेवला होता. ती ताटली तिनं परत नेली होती.

ओरडून सांगायचं तर सगळं शिवार ऐकणार. लोक चाळ पेटवतील, ते जाऊ दे. पण घराला पण वाळीत टाकतील, पोरीसकट. मी गप्प राहिलो. ती संध्याकाळ मी कशी काढली ते माझं मला माहीत. भाकरी दगडावरून उचलली आणि कुत्र्याला घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं वावराच्या मध्यातून सांगितलं, "पोरगी आज निजून हाय. अंग कोमट लागतंय जरा."

मग मला आवरलं नाही. शेजारचा गडी मक्यात उभा होता, त्याचीही पर्वा केली नाही. "चाळीत उंदीर पडलेत!" मी बोंब ठोकली. "तीन पडलेत! पोरीला दवाखान्यात न्या! आत्ताच्या आत्ता न्या!"

गडी हातातलं खुरपं टाकून पळाला. बायको जागच्या जागी उभी राहिली. आई मात्र घरातून निघून तरातरा भुईमूग तुडवत आली आणि लिंबाखाली थांबली.

"कुठं पडलेत?"

"उजव्या कोपऱ्यात. तळाला."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. "अरे मेल्या, मी औषध टाकलंय तिथं! गणपती बोळवले की दुसऱ्या दिवशी टाकते मी."

"दुसऱ्या दिवशीच का?"

"मग काय त्याच्या देखत त्याचं वाहन मारू? तो गेला की टाकायचं. दरवर्षी टाकते."

"दरवर्षी?"

"तू कधी असतो घरी!"

मला इतकं हलकं वाटलं की मीही हसायला लागलो. सुरतेपर्यंतचा एकेक थांबा मला झोपेत विचारा, पण माझ्याच चाळीत दरवर्षी काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. बायकोही पदरानं डोळे पुसत चार पावलं पुढे आली. हसता हसता मी सहज विचारलं, "औषध टाकते म्हणजे कसं?"

"कसं म्हणजे? बाजरीच्या पिठात कालवून, गूळ घालून. असे गोळे करायचे आणि…" आईनं बोटांनी गोळ्याचा आकार दाखवला.

माझं हसू तोंडातच राहिलं. "पोरगी लाडू घेऊन आली होती," मी म्हणालो. "काळा. त्या दिवशी."

पुढचं सांगावं लागलं नाही. बायको घराकडे धावली. ओट्यावर निजलेल्या पोरीला तिनं उचललं, खांद्याला धरून गदागदा हलवलं आणि तशीच उचलून वावरात आणली. "लाडू खाल्ला का तू? खरं सांग! चाळीतला लाडू खाल्ला का?"

पोरगी अर्धवट झोपेत होती. उन्हात हुंदडून अंग तापलं होतं, त्यापलीकडे तिला काही झालं नव्हतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. ती आजीकडे बघून रागानं म्हणाली, "तू गोळे करत होती तेव्हा मी एक घेतला, पण नाय खाल्ला. तूच सांगितलं ना, त्यांच्या आधी खायचं नाय. मग मला आईनं मारलं आणि ताटली काढून घेतली." मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "पप्पानं खाल्ला. सगळा खाल्ला."

मी तोंड उघडलं, "नाही गं, मी" एवढंच म्हणालो असेन. बायकोनं पोरीला आईच्या हातात कोंबलं आणि ती धावत सुटली. बांध तिला दिसलाही नाही. तिनं येऊन माझा जबडा धरला, मला खाली गुडघ्यावर पाडलं आणि दोन बोटं घशापर्यंत घातली. भांडी घासता घासता उठली होती, बोटांना राखेची चव होती. "काढा! ओका! ओका म्हणते ना!" मला सांगायचं होतं की मी खाल्ला नाही. सांगायचं होतं की तेव्हा खाल्ला असता तर आज इथे बोंबलायला उरलो नसतो. पण तिची बोटं तोंडात होती आणि हिशोब करायला तिला वेळ नव्हता. जिनं इतके दिवस माझी ताटली सांडशीनं उचलली, तिनं माझं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं आणि माझी लाळ, ओकारी तिच्या लुगड्यावर सांडत होती.

शेवटी मी धडपडत पिशवी ओढली आणि तो गोळा काढून तिच्यापुढे धरला. वाळून खडखडीत झाला होता. वरती पोरीच्या बोटांचे ठसे होते.

तिनं गोळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. मग तिथंच मातीत बसली आणि मला, सुरतेला, माझ्या नोकरीला शिव्या देत रडायला लागली.

पलीकडून आईनं पोरीला कडेवर घट्ट धरून हाक मारली, "अगं, बांध ओलांडलास तू!"

"ओलांडला, आत्याबाई," बायको नाक ओढत म्हणाली. "आता दगडावर दोघांचं ठेवा."

आई पोरीला घेऊन घराकडे वळली. मी बायकोशेजारी खाली बसलो, आणि बराच वेळ उठलो नाही.