कल्पिताचा सर्व्हर आणि उपटलेला प्लग

उरणजवळच्या त्या गावात शेजारच्या मनुबाईनं आवई उठवली होती, "गो, कमळच्या कल्पितानं ऑफिसचं मशीन चोरून घरान आनलंय!" 'मशीन' म्हणताना मनुबाईच्या भुवया पार पदरात शिरायच्या. कल्पिताची भाची प्राप्ती ते हुबेहूब करून दाखवी आणि घर हसून गडबडा लोळे.

पण चोरीबिरी काही नव्हती. कल्पितानं आपल्याच जुन्या लॅपटॉपच्या पोटात सॉफ्टवेअरचा एक लटका कॉम्प्युटर उभा केला होता. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. त्यावर ती लिनक्सचा सर्व्हर चालवून बघत होती. दिपेशशेठच्या ऑफिसात बंदरात जाणाऱ्या ट्रेलरच्या नोंदी ती ठेवायची, आणि त्या नोंदी सांभाळणारा तिथला सर्व्हर मरायला टेकला होता. नवा कल्पितानं बसवायचा की बाहेरच्या माणसानं, हे ठरायचं होतं. तिला ते काम हवं होतं, अगदी जीव तोडून.

"टेन्शन कशाला घेते यार? डायरेक्ट चढव ना!" दिपेशशेठ म्हणायचे.

"शेठ, आधी घरी बिघडवून बघते. तिथं बिघडला तर ट्रेलरची रांग पार नाक्यापर्यंत जाईल."

आणि खरंच बिघडवायची! फायली उडवायची, नेटवर्क तोडायची, मग जपून ठेवलेल्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करायची, आणि वर गालात हसायची.

एक बिघाड मात्र तिला सुचला नव्हता. तो तिच्या आईनं केला. खाऱ्या वाऱ्यानं पिना गंजतात, बोर्डात ठिणग्या उडतात, म्हणून कमळबाई घराबाहेर पडताना दिसेल तो प्लग उपटतात. मिक्सरचा उपटला, टीव्हीचा उपटला, आणि बॅटरी मेलेल्या त्या लॅपटॉपचाही. लॅपटॉप पुन्हा लावला, तर आतला सर्व्हर निपचित.

दुसरी कुणी आईवर खेकसली असती. कल्पिता म्हणाली, "बरं झालं गो आई! ऑफिसान पन कुनीतरी उपटनारच." आणि बसली. लॅपटॉप सुरू झाला की आतला सर्व्हर आपला आपण उठला पाहिजे, अशी सोय करूनच उठली.

दिपेशशेठ बघायला घरी आले, तेव्हा प्राप्तीनं पैज लावली, "प्लग उपटल्यावर न्हाय उठनार, आत्या! उठला तर गावातल्या विनेशदादाच्या हळदीत मी एक पन नक्कल करनार न्हाय."

शेठनी मोबाइलवरून त्या सर्व्हरवर एका ट्रेलरची नोंद केली.

"आई, उपट."

"अरे काकी, काकी!" शेठ ओरडेपर्यंत पडदा काळा.

कल्पितानं प्लग लावला, बटण दाबलं आणि हाताची घडी घातली. शेठ मोबाइलवर बोट आपटत होते. "नाय येत... नाय येत... आली! माझी नोंद आली!" मग घसा खाकरून, एकदम शेठसारखे, "सोमवारपासून सर्व्हरच्या खोलीची चावी तुझ्याकडे."

विनेशच्या हळदीत लोकांनी डीजे थांबवला. "प्राप्ती, एक तरी कर!" प्राप्ती तोंडात घास कोंबून मान हलवत राहिली. आत्या मुद्दाम तिच्या शेजारी बसली होती.