मधली गादी

तोंडात चार बारीक खिळे धरूनच सोनुन एजे बोलत होती. "ताण कापड. अजून ताण. नवऱ्याचा कान आहे असं समज."

"नवराच नाही, कान कुठला," नुरिपा म्हणाली आणि कापड ओढलं.

सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या होत्या. एजे त्यांच्या तोंडावर चिंध्या भरलेल्या, मखमलीच्या वळकट्या ठोकत होती. दारातून बघावं तर घडी घातलेल्या गाद्यांच्या कडाच.

किर्गिझस्तानातल्या आत-बाशीत कुणी घरी आलं की आधी गाद्यांची चवड बघतं, मग घरवाल्यांची तोंडं. दारासमोरच्या भिंतीला संदूक, त्याच्यावर चवड, आणि चवडीपुढं मानाची जागा. एजेची चवड एके काळी आढ्याला लागायची. दोन थोरल्या पोरींच्या लग्नात निम्मी गेली. मग एका वाईट हिवाळ्यात मेंढरं मेली, लोकर संपली. गावातल्या प्रत्येक नवरीच्या गाद्या शिवणाऱ्या बाईच्या घरात उरल्या पाच.

आणि आज धाकट्या कुंदुझला बघायला मुलाची आई तोक्तोबू येणार होती. तिच्या खिशात झुमके असणार. घर पटलं तर पोरीच्या कानात घालेल. नाही पटलं तर चहा पिऊन झुमके परत घेऊन जाईल.

नुरिपा एजेच्या भावाची पोर, पण गावासारखीच आत्याला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. आठवीत शाळा सोडली, कारण बाकावर बसलं की तिच्या पायांना मुंग्या यायच्या. एजेनं एका शब्दानं विचारलं नाही, हातात सुई दिली. तेव्हापासून एजेविरुद्ध कुणी बोललं की नुरिपा आधी धावून जायची आणि मग ऐकायची.

दोन गाद्या पाहुण्यांखाली अंथरल्या, तीन चवडीवर. खाली सगळ्या पेट्या. बरोबर मधोमध एजेनं लाल-काळी, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी लावली. गावात तसं काम कुणाला जमत नव्हतं.

"एवढं चांगलं काम लाकडावर कशाला?" नुरिपानं विचारलं.

"नजर तिथंच अडकावी म्हणून. बाकीच्या मोजत बसणार नाही."

नजर अडकलीच. तोक्तोबू आली, नणंदेला घेऊन मानाच्या जागेवर बसली, तळलेलं बोरसोक लोण्यात बुडवून खाल्लं आणि मागं वळून, आत्ताच विहीण झाल्यासारखी म्हणाली, "कुदागी, ती मधली काढा की. टाके बघू दे."

एजेचा चहा ओतणारा हात तसाच राहिला. कुंदुझ पांढरी पडली. तोक्तोबूनं स्वतःच हात लांबवला. तिची बोटं नक्षीला लागली, दाबून बघायला लागली, तेवढ्यात नुरिपा मध्ये येऊन उभी राहिली.

"ती निघणार नाही."

"का गं?"

"माझ्या लग्नाची आहे. लग्नाआधी उलगडायची नाही. आमच्याकडं असंच असतं."

"कुठं असतं असं?" नणंद म्हणाली.

"इथं."

तोक्तोबूनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मागणी कुणी घातलीय तुला?"

"तेवढा धीराचा अजून भेटला नाही."

तोक्तोबू इतकी हसली की चहा मांडीवर सांडला. "कुदागी, ही पोर तिखट आहे." मग तिनं हात मागं घेतला, खिशात घातला आणि कुंदुझला जवळ बोलावलं.

पाहुणे गेल्यावर एजे उंबऱ्यावर बसली. "नवीन रीत काढलीस होय गं?"

"मग काय पेट्या दाखवायच्या होत्या?"

एजेनं तिच्या पाठीत बुक्की घातली आणि हात तिथंच ठेवला.

नंतर नुरिपा बिश्केकला गेली, कपडे शिवायच्या कारखान्यात. तिथल्या खोलीत चवड लावायला भिंत नव्हती. हिवाळ्यात कुणाचा ओला लोकरी कोट वास मारायला लागला की बाकीच्या पोरी नाक मुरडायच्या. ही मात्र त्याच्याजवळ जाऊन बसायची. एजेची खोली अशीच वास मारायची, आणि तोंडात खिळे धरून एजे अशीच कुठंतरी बोलत असेल, असं तिला वाटायचं.

एजे गेली त्या वर्षी नुरिपा आणि कुंदुझनं मिळून चवड उतरवली. पेट्यांच्या जागी पेट्याच होत्या. मधलीला नुरिपानं जोर लावून हिसका दिला, आणि लाकडाऐवजी जड, मऊ गादी तिच्या मांडीवर येऊन पडली. अख्खी. कुणी कधी न झोपलेली. कडेला तीच शिंगांची नक्षी, आणि नक्षीच्या काठानं खिळ्यांची बारीक भोकं.

"तुला माहीत नव्हतं?" कुंदुझ म्हणाली. "त्या उन्हाळ्यात तू लोकांच्या मेंढरांमागं वरच्या कुरणात होतीस, तेव्हा शिवली आईनं, तुझ्या लग्नाची म्हणून."

"लोकर कुठली?"

"माझ्या सासूनं पाठवलेली. झुमके घातले ना, त्याच्या आठव्या दिवशी. पोतं भरून."